हूल म्हणजे नक्की काय? आणि त्यात कावा, चकवा, झुकांडी कुठे बसतात?

प्रश्न असा आहे की खो-खो कबड्डीच्या बातम्यांत "हूल दिली" असं वाचतो, पेपरात "पावसाची हुलकावणी" असतं, इतिहासात "गनिमी कावा", तर हे सगळं एकच का, हूल हा शब्द मुळात आला कुठून, बाहेरच्या भाषांत त्याला काय म्हणतात आणि तो लिहायचा कसा. मी खो-खो शिकवतो, शब्दकोश चाळायची सवय आहे, त्यामुळे दोन्ही बाजूंनी थोडं लांबलचक लिहितोय, वेळ असेल तेव्हा वाचा.

आधी मैदानावरचा अर्थ, कारण तो नीट कळला की बाकीचं आपोआप जागेवर बसतं. हूल म्हणजे अशी हालचाल जी सुरू खरी होते पण पूर्ण होत नाही. हे "सुरू खरी होते" महत्त्वाचं आहे. नवीन पोरांना वाटतं हूल म्हणजे खोटं खोटं हलणं, मग ती नुसती मान हलवतात नाहीतर हात झटकतात आणि समोरचा ढिम्म उभा राहतो. हूल लागते कधी, तर तुमचं वजन खरोखर त्या बाजूला गेलेलं असतं तेव्हा, म्हणजे तुम्ही मनात आणलंत तर तीच हालचाल पूर्णही करू शकता. समोरच्याला थांबून खात्री करायला परवडत नाही म्हणून तो हलतो, आणि तो हलला की तुम्ही ती अर्ध्यात सोडता.

खो-खोत हे कसं दिसतं ते सांगतो. आठ जण पाटीवर, म्हणजे दोन खांबांमधल्या मधल्या पट्ट्यावर, एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसलेले, नववा पाठलागावर. पळणारा दोन्ही बाजूंना मोकळा फिरतो, पण पाठलाग करणाऱ्याला मधली पाटी ओलांडता येत नाही, बाजू बदलायची तर त्याला बसलेल्याला मागून खो द्यावा लागतो. वर त्याने एकदा दिशा धरली की खांब येईपर्यंत मागे फिरायचं नाही, खांद्याची रेषा काटकोनापेक्षा जास्त वळली तरी फाऊल. आता पळणारा काय करतो, चौथ्या आणि पाचव्या गड्याच्या मधल्या फटीत पाऊल टाकतो, खांदा पण आत घालतो, म्हणजे हा आता पलीकडे जाणार असं दिसतं. पाठलागवाला घाईत पलीकडे तोंड असलेल्याला खो देतो, तो उठतो, आणि पळणाऱ्याने तोवर पाय काढून घेतलेला असतो, तो आहे तिथेच अलीकडे. नवा गडी पलीकडे, जुना खाली बसलेला, मधे दोन-तीन सेकंद फुकट गेले. खो-खोत दोन-तीन सेकंद म्हणजे खूप झाले, कारण अख्खा सामना शेवटी कोण किती वेळ मैदानात टिकलं यावर फिरतो.

उलट बाजूनेही हूल असते पण ती बारीक असते, टीव्हीवर चटकन दिसत नाही. पाठलागवाला बसलेल्या गड्याजवळ येऊन असा वाकतो की आता खो देणारच, पळणारा ते बघून "आता नवा माणूस पलीकडून येणार" असं धरून अलीकडेच रेंगाळतो, आणि याने खो दिलेलाच नसतो, तो सरळ पुढे येऊन हात लावतो. इथे शिस्त लागते. तोंडातून खो निघाला आणि हात लागला नाही तर फाऊल, बसलेला भरीस पडून आधीच उठला तरी फाऊल. म्हणून ही हूल एकट्याची नसते, बसलेल्या आठही जणांना आपल्या माणसाची सवय माहीत असावी लागते, नाहीतर समोरचा फसायच्या आधी आपलाच गडी फसतो. माझ्या मते खो-खोतली सगळ्यात अवघड गोष्ट ही आहे. खांबावरचा सूर, आकाशीय सूर वगैरे दिसायला भारी असतात आणि टाळ्याही त्यांनाच पडतात, पण बरेचदा गडी त्या आधीच्या हुलीवर बाद झालेला असतो, सूर ही फक्त पावती.

कबड्डीत चढाई करणारा पायाची हूल देतो. निदान रेषा मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर, त्याच्या पुढे एक मीटरवर बोनस रेषा. चढाईपटू बोनसकडे पाय टाकल्यासारखं करतो, कोपऱ्यातला बचावपटू घोटा धरायला पुढे झेपावतो, आणि तोच पाय किंवा हात त्याला लागून गुण होतो. कुस्तीत खडाखडी चालू असताना पैलवान समोरच्याच्या मानेवर हात टाकून डोकं खाली ओढतो, समोरचा ताठ होऊन वर उठतो, आणि वर उठला की खालून पट निघतो, म्हणजे त्याचे पाय धरता येतात. तिन्हीकडे तत्त्व तेच, समोरच्याला काहीतरी करायला लावायचं आणि त्याने जे केलं त्याचा फायदा घ्यायचा.

हे लागू का पडतं त्याचं कारण शरीरात आहे. डोळ्याने बघून हलायला माणसाला साधारण 0.2 सेकंद लागतात, चांगल्या खेळाडूला किंचित कमी. पण गंमत पुढे आहे. एका इशाऱ्याला उत्तर द्यायला मेंदूने सुरुवात केली आणि लगेच दुसरा इशारा आला, तर दुसऱ्याचं उत्तर नेहमीपेक्षा उशिरा निघतं, कारण पहिलं काम अजून हातात असतं. मानसशास्त्रात यावर 1931 सालापासून लिहिलं गेलंय. हूल बरोबर त्या फटीत बसते. आणि म्हणूनच हुलीला टायमिंग आहे, फार लवकर पाय काढलात तर समोरच्याने हूल पाहिलेलीच नसते, फार उशीर केलात तर तो सावरलेला असतो. पोरांना मी हे आकड्यात सांगत नाही, सांगून उपयोगही नाही, फक्त म्हणतो की तो हलेपर्यंत थांब, मग निघ. आणि हूल ओळखायची कशी असं विचारलं तर कमरेकडे बघ. डोळे, खांदे, हात सगळे खोटं बोलू शकतात, कंबर बिचारी शेवटपर्यंत खरं सांगते.

आता शब्द. मराठीत हूलचे दोन अर्थ जुने आहेत आणि दोन्ही अजून जिवंत आहेत. एक म्हणजे वर सांगितलेली हालचाल, "मारायची नुसती हूल दिली". दुसरा म्हणजे वावडी, उठलेली बातमी, "धरण फुटल्याची हूल उठली" असं आजही गावात म्हणतात. लोकांना हे दोन वेगळे शब्द वाटतात, मला नाही वाटत. वावडी उठली की काय होतं, खरं काही घडलेलं नसतं पण माणसं पळायला लागतात. हूल दिली की काय होतं, तेच, फरक इतकाच की पळणारा एकटा असतो.

हिंदीत हूल आहे आणि हूलना क्रियापद पण आहे, तिथे अर्थ भाल्याची किंवा लाठीची टोकदार ढोस, भोसकणं, आणि हिंदी कोशकार ते संस्कृत शूलपर्यंत नेतात. हे पटण्यासारखं आहे, कारण भाला चालवणाऱ्यांत ढोस मारल्यासारखं करून मागे घेणं हा रोजचाच प्रकार, आणि ढोस वरून "ढोस दिल्यासारखं" इथपर्यंत अर्थ सरकायला फार लांब जावं लागत नाही. दुसरा धागा हुल्लडचा. हुल्लड, गलका, आरडाओरडा या बाजूने आलात तर वावडीचा अर्थ आधी आणि हालचालीचा नंतर असा क्रम लावावा लागतो. मला पहिला धागा जास्त पक्का वाटतो, पण तो माझा कल आहे, मैदानावरच्या माणसाचा, भाषेच्या प्राध्यापकांनी दुसरं काही सांगितलं तर मी भांडायला येणार नाही.

तिसरी एक व्युत्पत्ती काही जण मोठ्या हौसेने देतात, संस्कृत धातुपाठात हुल् असा धातू आहे आणि त्याचे अर्थ दिलेत जाणे, इजा करणे आणि झाकणे. बघितलंत ना, तिन्ही अर्थ हुलीला किती छान बसतात! आणि नेमकं म्हणूनच मी त्यापासून लांब राहतो. धातुपाठ ही यादी आहे, त्यातले बरेच धातू वाङ्मयात कुठे वापरलेलेच सापडत नाहीत, आणि दोनेक हजार धातूंच्या यादीत हवा तो अर्थ शोधायला बसलं की काहीतरी सापडतंच. अर्थ फारच छान जुळला की संशय घ्यावा.

हो, आणि संथाळांचा 1855 चा उठाव "हूल" म्हणून ओळखला जातो, सिदो आणि कान्हू मुर्मूंचा, त्याचा आपल्या हुलीशी काहीही संबंध नाही. संथाली वेगळ्याच कुळातली भाषा आहे, तिथे हूल म्हणजे बंड. आवाज सारखा एवढंच.

हुलकावणी बद्दल एक गैरसमज आहे की तो हूल अधिक कावा असा जोडशब्द आहे. ऐकायला झकास, पण रूप बघा ना. धमक वरून धमकावणे, भडक वरून भडकावणे, लटक वरून लटकावणे, तसंच हुलक वरून हुलकावणे आणि त्याला णी लागून हुलकावणी. धमकावणीत कावा नाही तसा हुलकावणीतही नाही. अर्थात मात्र थोडा फरक पडलाय. हूल देणाऱ्याच्या बाजूने बोललं जातं, हुलकावणी बहुतेक वेळा ज्याच्या हाती काही लागलं नाही त्याच्या बाजूने. "पावसाने हुलकावणी दिली" यात पावसाने काही डाव टाकला असं कुणी म्हणत नाही, शेतकरी आभाळाकडे बघत बसला आणि ढग निघून गेले एवढंच. शतकाने हुलकावणी दिली, मंत्रिपदाने हुलकावणी दिली, सगळीकडे रिकाम्या हाताचं दुःख. कोच म्हणून सांगायचं तर मैदानावर "हूल दे" म्हणतात, "हुलकावणी दे" कुणी ओरडत नाही, तो शब्द दुसऱ्या दिवशीच्या पेपरातला.

कावा हा माझा जास्त आवडता शब्द, कारण तो घोड्यावरून आलाय. आज कावा म्हटलं की कपट, कावेबाज म्हणजे धूर्त, आणि त्यात जरा वाईट वासच येतो. पण मूळ अर्थ घोड्याला गोल फिरवणं. मधे माणूस दोरी धरून उभा आणि घोडा त्याच्याभोवती रिंगणात फिरतोय, घोडा तयार करायची ही जुनी पद्धत, त्याला कावा देणे म्हणत. हिंदी कोशातही कावा शब्दाचा पहिला अर्थ हाच आहे, आणि कावा काटना म्हणजे चक्कर मारणं, आणि मग नजर चुकवून दुसरीकडून निघून जाणं. म्हणजे अर्थ कसा सरकला ते तिथेच दिसतं, गोल फिरणं, मग वळसा घालून अंगावर येणं किंवा निसटणं, मग फसवणूक, आणि शेवटी मनातला कपटीपणा. घोडा गेला आणि कपट तेवढं राहिलं.

गनीम अरबी शब्द. गनीमत म्हणजे लढाईत मिळालेली लूट, त्याच धातूवरून गनीम, म्हणजे लुटारू आणि मग सरळ शत्रू. मोगलांच्या कागदात मराठ्यांना गनीम म्हटलं जायचं. म्हणजे शत्रूने आपल्याला शिवी म्हणून जे नाव दिलं ते आपण आपल्या युद्धपद्धतीला अभिमानाने लावून घेतलं. गनिमी कावा याचा शब्दशः अर्थ लावला तर "त्या गनिमांचं ते घोडे वळवून वळवून लढणं". समोर येऊन भिडायचं नाही, गोल करून उभं राहायचं नाही, हलकं सामान, चपळ घोडी, चाल करून यायचं, वळायचं, पाठलाग करायला लावायचं, आणि पाठलाग करणारी फौज लांबली फाटली की परत वळून तिच्या बाजूवर पडायचं. पानिपतच्या आधी गनिमी काव्याने लढायचं की तोफा आणि गारदी म्हणजे कवायती पायदळ घेऊन गोल बांधून, यावर झालेला वाद बखरीत रंगवून सांगितलाय, होळकर एका बाजूला आणि इब्राहिमखान गारदी दुसऱ्या. तिथे हा शब्द अगदी तांत्रिक अर्थाने येतो, कपट वगैरे काही नाही, लढायची एक रीत.

हूल आणि कावा एकाच मोहिमेत बघायचे असतील तर पालखेड, 1728. एका बाजूला बाजीराव पेशवा, दुसऱ्या बाजूला दख्खनचा निजाम. बाजीरावाने समोरासमोर भिडायचं टाळलं, तो निजामाच्याच मुलखात जालन्याकडे घुसला, मग बुऱ्हाणपूर जाळणार अशी हूल उठवली. इथे हा शब्द दोन्ही अर्थाने बसतो बघा, बातमी पण आणि हालचाल पण, कारण फौज खरोखर त्या दिशेला निघाली होती. निजाम बुऱ्हाणपूर वाचवायला धावला, आणि बाजीराव तिथे नव्हताच, तो गुजरातेकडे सटकला. चिडून निजाम पुण्यावर गेला, तर बाजीराव परत त्याच्या मुलखात हजर. शेवटी पाठलागाला वेग यावा म्हणून निजामाने जड तोफखाना मागे ठेवला, आणि फेब्रुवारीत पालखेडजवळ पाणी तुटलेल्या जागी कोंडला गेला. मार्चमध्ये मुंगी-शेवगावचा तह. यात मोठी समोरासमोरची लढाई जवळपास नाहीच. मी पोरांना इतिहासाचा तास घेत नाही, पण हा किस्सा नकाशावर काढून दाखवला की त्यांना फटीत टाकलेला पाय लगेच कळतो. फौज बुऱ्हाणपूरकडे खरोखर निघाली नसती तर निजाम जागचा हलला नसता.

बाकीचे शब्द भराभर घेतो. झुकांडी ही झुकण्यावरून, अंग वाकवून धरणाऱ्याच्या हाताखालून निसटणं, खो-खोत पाठलाग अगदी पाठीशी आला की पळणारा जे करतो ते. यात समोरच्याला आधी हलवलं जात नाही, फक्त तो पोचतो तेव्हा आपण तिथे नसतो. कबड्डीतली डुबकी, बचावपटूंनी हात धरून केलेल्या साखळीच्या हाताखालून खाली घुसून जाणं, ती याच्याच जवळची. चकवा हूल आणि झुकांडी दोन्हीला चालतो, जरा ढिला शब्द आहे, आणि कोकणात रात्रीच्या वाटसरूला चकवा लागतो तो हाच, माणूस चालत राहतो आणि फिरून त्याच झाडाखाली येतो. गुंगारा मैदानावर वापरू नका, गुंगारा म्हणजे पसार होणं, तो पोलीस आणि आरोपी यांच्यातला शब्द. बगल देणं हल्ली पुढाऱ्यांनी घेतलंय. हातावर तुरी देणं, कात्रजचा घाट दाखवणं हे वाक्प्रचार झाले, हालचालींची नावं नव्हेत. आणि फिरकी! चेंडूची फिरकी वेगळी, पण "त्याची फिरकी घेतली" म्हणजे त्याची मजा केली, हा प्रकार मला फार मराठी वाटतो.

बाहेर काय म्हणतात तेही विचारलंय म्हणून थोडं. तलवारबाजीत फेंट, तो फ्रेंचमधून आला आणि मागे लॅटिन फिंगेरे, म्हणजे आकार देणं, घडवणं. इंग्रजीतला फिक्शन हा शब्द त्याच मुळाचा. कॅनडात आइस हॉकीवाले डीक म्हणतात, ते डिकॉयचं आखूड रूप, आणि डिकॉय मागे जाऊन डच भाषेतल्या बदकं पकडायच्या पिंजऱ्याशी पोचतो असं मानतात. म्हणजे कुणी घडवण्यातून आलं, कुणी पिंजऱ्यातून, आपण भाल्याच्या टोकातून आणि घोड्याच्या रिंगणातून. हिंदी आणि इंग्रजी कॉमेंट्रीत डॉज आणि फेक चालतं, आणि 2025 च्या जानेवारीत दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे कर्णधार असलेल्या आपल्या दोन्ही टीम नेपाळला हरवून जिंकल्या, त्यानंतर नवीन पोरं तेच शब्द घेऊन मैदानावर येतात. येऊ देत. फक्त डॉजमध्ये हूल आणि झुकांडी दोन्ही एकत्र कोंबले जातात आणि शिकवताना घोळ होतो, कारण एकात समोरच्याला हलवायचं असतं आणि दुसऱ्यात आपण हलायचं असतं, सरावही वेगळा आहे. हुलीचा सराव जोडीदाराशिवाय होतच नाही, झुकांडीचा खांबाभोवती एकट्याने पण करता येतो.

शेवटी लिहिण्याबद्दल, कारण तेही विचारलंय. हूल दीर्घ, पण हुलीला, हुलीवर, हुलकावणी ऱ्हस्व, मूल आणि मुलाला होतं तसंच. शब्द स्त्रीलिंगी, ती हूल. "त्याने हुल दिला" असं हल्ली बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं दिसतं, त्यात दोन्ही चुका आहेत. आणि हूल दिली जाते, दाखवली जाते, उठते, उठवली पण जाते, मारली मात्र जात नाही.